विज्ञानाची रात्र आणि आपले वाचनालय

(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शताब्दीच्या या व्याख्यानमालेत बोलण्याचे निमंत्रण देताना विषयाची निवड कार्यकारी मंडळाने माझ्यावरच सोपविली होती. मी विषय कळविला तो अमेरिकेतील लॅटिनो समाजातील मुलांना विज्ञानाकडे आणि अभियांत्रिकीकडे वळविण्यासाठी चाललेल्या प्रयत्नांचा. त्यावर एका ज्येष्ठ सभासदांनी मला सौम्यपणे विचारले, “बडोद्याच्या मराठी वाचनालयाच्या शताब्दीत हे इतक्या दूरचे पाहुणे कशासाठी?” प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर देऊनच पुढे जाणे योग्य होईल.

या शहरापुरते तरी अमेरिकेचे आणि ग्रंथालयाचे नाते जुने आहे. १९१० साली श्रीमंत सयाजीराव महाराजांनी विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना येथे पाचारण केले. त्यांनी तीन वर्षांत या संस्थानात ग्रंथालयांची जी घडी बसविली, तिचे ऋण आपण सारे जाणतो. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव पाठविणारी फिरती वाचनालये येथे निघाली. त्याहून कमी स्मरणात राहिलेली गोष्ट अशी की, बडोद्याच्या ग्रंथालय खात्याला दृश्य शिक्षणाची एक शाखाही होती आणि ती मॅजिक लँटर्न व चलच्चित्रे घेऊन खेड्यांतील निरक्षर माणसांपर्यंत जात असे. ज्याला वाचता येत नाही त्याच्याकडेही ग्रंथालयाने गेले पाहिजे, हा विचार शंभर वर्षांपूर्वी या मातीत रुजला होता. आज मी ज्या प्रयत्नांविषयी बोलणार आहे ते याच विचाराचे दूरचे भाऊबंद आहेत, असे मला वाटते.

प्रथम या समाजाची थोडी ओळख करून घेऊ. मेक्सिको, मध्य व दक्षिण अमेरिका, क्यूबा, प्वेर्तो रिको अशा ठिकाणी ज्यांची मुळे आहेत, अशा अमेरिकेतील लोकांना ‘लॅटिनो’ म्हणतात. २०२० च्या जनगणनेत त्यांची संख्या सुमारे ६ कोटी २१ लाख भरली; म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या जवळजवळ १९ टक्के. ते सगळेच बाहेरून आलेले नाहीत. १८४८ च्या तहाने कॅलिफोर्नियापासून न्यू मेक्सिकोपर्यंतचा विस्तीर्ण प्रदेश मेक्सिकोकडून अमेरिकेकडे गेला, तेव्हा तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारे लोक एका रात्रीत दुसऱ्या देशाचे झाले. माणसे होती तेथेच राहिली, सरहद्द मात्र त्यांच्या अंगावरून पलीकडे गेली. १९४९ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये गुजरातेत गेलेल्या आपल्या शहरातील श्रोत्यांना, किंवा बेळगावहून आलेल्या पाहुण्यांना, ही गोष्ट फार उलगडून सांगावी लागणार नाही. परंतु हे साम्य फार ताणू नये. आपले पूर्वज येथे राज्यकर्त्यांच्या पदरी आले, लेखणी आणि तलवार घेऊन आले. तेथील बहुसंख्य लॅटिनो कुटुंबे शेतमजुरी, बांधकाम आणि घरकाम करून उभी राहिली. हा फरक आज मला पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून तो लक्षात ठेवावा.

आता मूळ मुद्दा. २०१७ ते २०१९ या वर्षांच्या आकडेवारीनुसार अमेरिकेतील एकूण नोकरदारांत या समाजाचे प्रमाण १७ टक्के होते. पण विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या क्षेत्रांत ते केवळ ८ टक्के होते. बुद्धी कमी म्हणून असे झाले, असे म्हणणारे पूर्वी पुष्कळ होते. प्रत्यक्षात कारणे अगदी साधी आहेत. गरीब वस्तीतील शाळेत वरच्या पातळीचे गणित शिकविलेच जात नाही. आईबापांनी महाविद्यालयाची पायरी पाहिलेली नसते; अर्ज कसा भरावा, शिष्यवृत्ती कोठे मागावी, हे सांगणारे घरात कोणी नसते. मुलाने दूरच्या गावी शिकायला जावे, ही कल्पनाच एकमेकांना धरून राहणाऱ्या कुटुंबाला जड जाते. आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे, अभियंता नावाचा माणूस त्या मुलाने आपल्या गल्लीत कधी पाहिलेलाच नसतो. जे पाहिले नाही त्याची इच्छा तरी कशी व्हावी?

या समजुतीला पहिला मोठा धक्का दिला तो एका शिक्षकाने. हायमे एस्कलान्ते हे मूळचे बोलिव्हियाचे. स्वदेशात शिक्षक असूनही अमेरिकेत आल्यावर त्यांना आरंभी उपाहारगृहात काम करावे लागले. १९७४ पासून ते पूर्व लॉस एंजेलिसमधील गारफील्ड हायस्कूलमध्ये शिकवू लागले. तेथील बहुतेक मुले मेक्सिकन वंशाच्या कामगारांची. या मुलांना एस्कलान्ते यांनी कलनशास्त्र शिकविण्याचे ठरविले, तेव्हा सहकाऱ्यांनाही ते वेडेपणाचे वाटले. १९८२ साली त्यांचे १८ विद्यार्थी महाविद्यालयीन पातळीच्या परीक्षेस बसले आणि सर्वच्या सर्व उत्तीर्ण झाले. परीक्षा घेणाऱ्या संस्थेला संशय आला. १४ मुलांच्या उत्तरांत सारख्याच चुका आहेत, असे तिचे म्हणणे पडले. त्यांतील १२ जण पुन्हा परीक्षेस बसले आणि पुन्हा उत्तीर्ण झाले. या घटनेवर १९८८ साली चित्रपटही निघाला.

चित्रपटात दिसतो तो एका वीराचा पराक्रम. त्यामागचे कष्ट मात्र अनेक वर्षांचे आणि रुक्ष होते. शाळेपूर्वीचे व शाळेनंतरचे तास, शनिवारचे वर्ग, उन्हाळ्याच्या सुटीत जवळच्या महाविद्यालयात चालणारे वर्ग, आणि आईबापांशी सततचा संपर्क. मूल वर्गाला आले नाही तर गुरुजी घरी दूरध्वनी करीत. ‘गानास’ हा स्पॅनिश शब्द त्यांच्या तोंडी नेहमी असे. मनापासूनची इच्छा, ओढ, असा त्याचा अर्थ. मात्र या कथेचा शेवटही सांगितला पाहिजे. १९९१ मध्ये एस्कलान्ते त्या शाळेतून गेले आणि पुढे काही वर्षांत तो उपक्रम ओसरला. एका माणसाच्या खांद्यावर उभे असलेले काम त्या माणसाबरोबर खाली येते. शंभर वर्षे टिकलेल्या संस्थेत बसून आपण हे ऐकत आहोत, म्हणून ते अधिक मनावर घ्यावे.

संस्थांचे प्रयत्न याच सुमारास सुरू झाले होते. १९७० साली कॅलिफोर्नियातील ओकलंड येथील एका शाळेत अवघ्या २५ मुलांना घेऊन ‘मेसा’ हा उपक्रम निघाला. गणित, अभियांत्रिकी आणि विज्ञान यांत मागे पडलेल्या समाजांतील मुलांना शाळेपासून हात देण्याचा त्याचा हेतू होता. १९७३ साली लॅटिनो आणि मूळ अमेरिकन वंशाच्या वैज्ञानिकांनी ‘सॅक्नास’ ही संस्था स्थापन केली. १९७४ साली लॉस एंजेलिस नगरपालिकेच्या सेवेतील काही अभियंत्यांनी एकत्र येऊन हिस्पॅनिक अभियंत्यांची एक संघटना उभारली, ती ‘शिपी’ या नावाने ओळखली जाते. नगरपालिकेचे अभियंते म्हणजे कोणी जगप्रसिद्ध माणसे नव्हेत. दिवसभर नोकरी करून संध्याकाळी ‘आपल्या पोरांचे काय?’ असा विचार करणारी ती साधी माणसे होती.

याच संघटनेने पुढे जो उपक्रम रूढ केला त्याचे नाव आहे ‘नोचे दे सिएन्सियास’, म्हणजे विज्ञानाची रात्र. ही रात्र एखाद्या शाळेच्या सभागृहात किंवा भोजनगृहात भरते. मुलांबरोबर आईबाप, आजीआजोबा, धाकटी भावंडे, सगळ्यांनीच यायचे असते. जवळच्या महाविद्यालयातील अभियांत्रिकीचे लॅटिनो विद्यार्थी आणि नोकरी करणारे अभियंते स्वयंसेवक म्हणून येतात. एका बाजूस मुले कागद, काड्या, चिकटपट्टी असल्या किरकोळ वस्तूंपासून पूल बांधतात, मनोरे उभारतात, आणि ते का कोसळले याची चर्चा करतात. दुसऱ्या बाजूस पालकांसाठी स्पॅनिशमध्ये माहिती दिली जाते: कोणते विषय घ्यावेत, अर्ज केव्हा करावा, पैशांची सोय कशी होते.

माझी मुलगी कॅलिफोर्नियात राहते. तिच्याकडे मुक्कामी असताना शेजारच्या शाळेतील अशाच एका संध्याकाळी मी सहज म्हणून गेलो होतो. तेथे पाहिलेली एक गोष्ट मला अजून विसरता येत नाही. दहा-अकरा वर्षांची एक मुलगी आईबरोबर आली होती. आईला इंग्रजी येत नव्हते. दारापाशी नाव नोंदविताना मुलगी सवयीने पुढे झाली आणि आईच्या वतीने बोलू लागली. अशा कुटुंबांत दवाखान्यात, बँकेत, शाळेत मूलच दुभाषी होते. थोरांच्या जगात आईला हात धरून नेण्याचे काम लेकराकडे येते. त्या दिवशी मात्र पलीकडच्या तरुणीने आईशी थेट स्पॅनिशमध्ये बोलणे सुरू केले, आणि मुलगी गप्प उभी राहून ऐकू लागली. पुढे पूल बांधताना काड्या कशा बांधाव्यात यावर मुलगी अडली, तेव्हा त्या आईने हातातील पिशवी खाली ठेवली आणि गाठ कशी मारायची ते दाखविले. ती शेतात मजुरी करीत असे. द्राक्षांचे वेल बांधण्याचा तिचा हात होता. पूल उभा राहिला. मुलीच्या चेहऱ्यावर जो भाव होता तो केवळ पूल उभा राहिल्याचा नव्हता. आपल्या आईला काहीतरी येते, आणि जे येते ते अभियांत्रिकीत चालते, हे तिने त्या दिवशी पाहिले.

अशा घरांतून मुले कोठवर जाऊ शकतात, याचे उदाहरण होसे हर्नांडेझ यांचे आहे. त्यांचा जन्म १९६२ चा. आईवडील मेक्सिकोतील मिचोआकान प्रांतातून येणारे शेतमजूर. हंगामाप्रमाणे कॅलिफोर्नियाभर फिरत काकड्या, स्ट्रॉबेरी तोडायच्या आणि मुलांनीही त्यांत हात घालायचा. बारा वर्षांचे होईपर्यंत त्यांना इंग्रजी नीट येत नव्हते. त्यांच्या बालपणी एका शिक्षिकेने घरी येऊन आईवडिलांना विनविले की, मुलांचे शिक्षण असे तुटत राहू देऊ नका, एका गावी स्थिर व्हा. आईवडिलांनी ते ऐकले आणि कुटुंब स्टॉकटन येथे राहू लागले. १९७२ साली दूरदर्शन संचावर अपोलो १७ ची चंद्रयात्रा पाहून या मुलाने अंतराळवीर होण्याचे ठरविले. पुढे ते विद्युत अभियंता झाले. अंतराळवीरांच्या निवडीसाठी त्यांनी अर्ज केला आणि तो नाकारला गेला. असे एकामागून एक अकरा वेळा झाले. २००४ साली बाराव्या खेपेस त्यांची निवड झाली आणि २००९ च्या ऑगस्टमध्ये डिस्कव्हरी यानातून ते अंतराळात गेले. त्यांच्या चिकाटीचे कौतुक सर्वत्र होते, ते योग्यच आहे. मला मात्र त्या शिक्षिकेची ती घरभेट अधिक मोलाची वाटते. ती झाली नसती तर बारा अर्ज करण्याची वेळच आली नसती.

दुसरे उदाहरण सांगताना मन थोडे जड होते. ॲरिझोना राज्यात फीनिक्स येथे कार्ल हेडन हायस्कूल आहे. २००४ साली तेथील चार मुलांनी, दोन शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली, पाण्याखाली चालणारे एक यंत्र तयार केले आणि सांता बार्बरा येथील स्पर्धेत महाविद्यालयांच्या गटात उतरविले. नळाच्या साध्या प्लास्टिक नळ्यांचे ते यंत्र. खर्च आठशे डॉलरांच्या आसपास. नळ्या जोडण्याच्या गोंदाला इतकी घाण येत असे की मुलांनी यंत्राचे नावच ‘स्टिंकी’ ठेवले. ऐन वेळी यंत्रात पाणी शिरू लागले, तेव्हा स्त्रियांच्या नित्य वापरातील शोषक कापूस आत बसवून त्यांनी वेळ निभावली. जगप्रसिद्ध मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेचा संघ त्याच गटात होता. या चार शाळकरी मुलांनी त्याला मागे टाकून पहिला क्रमांक मिळविला.

परंतु ही मुले बालपणी कागदपत्रांशिवाय मेक्सिकोतून आणली गेली होती. २००६ साली ॲरिझोनात मतदानाने असा कायदा झाला की, अशा विद्यार्थ्यांना राज्यातील रहिवाशांसाठी असलेली शुल्काची सवलत मिळू नये. जिंकलेल्यांपैकी एकाने तरीही यांत्रिकी अभियांत्रिकीची पदवी मिळविली. पण कायदेशीर मार्गाने राहता यावे म्हणून तो स्वतःहून मेक्सिकोत परत गेला, तर त्याला दहा वर्षे प्रवेशबंदी झाली. २०१० मध्ये ती उठली, तो परतला आणि अमेरिकी सैन्यात भरती झाला. २०२२ साली त्याच राज्याच्या मतदारांनी शुल्काचा तो नियम बदलला, परंतु मधल्या सोळा वर्षांत कितीजणांची वाट चुकली असेल, कोण जाणे. सांगायचे ते इतकेच की, विज्ञानाची रात्र दार दाखवू शकते. दाराचे कुलूप काढणे तिच्या हाती नसते. त्यासाठी समाजाला आणि सरकारला दुसरी कामे करावी लागतात. उत्सव करणाऱ्यांनी हे विसरू नये.

आता आपल्याकडे वळू. या सर्वांतून मला तीन गोष्टी उमगल्या. पहिली, मूल एकटे वळत नाही, घरासह वळते. मेक्सिकोचे मारियो मोलिना यांना ओझोनच्या थरावरील संशोधनासाठी १९९५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. लहानपणी त्यांनी घरातील एका न्हाणीघराचीच प्रयोगशाळा केली होती, आणि प्रयोगांत मदत करणारी त्यांची आत्या स्वतः रसायनशास्त्रज्ञ होती. आपल्याकडे जयंत नारळीकर बनारसच्या मराठी घरात वाढले. त्यांचे मामा घरातील फळ्यावर एखादे अवघड गणित लिहून ठेवीत आणि ते सुटेपर्यंत किंवा भाचा हार मानेपर्यंत पुसत नसत. प्रत्येक मुलाला अशी आत्या किंवा असा मामा नसतो. ज्याला नाही, त्याच्यासाठी वाचनालयाने ते नाते पत्करावे.

दुसरी गोष्ट भाषेची. घरच्या भाषेत विज्ञान बोलले गेले तर आईबाप त्यात येतात. नाही तर ते दाराशीच थांबतात. याही बाबतीत हे शहर पूर्वीच जागे होते. १८९० साली येथे कलाभवन निघाले, तेव्हा त्रिभुवनदास गज्जर यांनी उद्योगांचे शिक्षण देशी भाषांतून देता यावे यासाठी परिश्रम घेतले. १९६६ पासून मराठी विज्ञान परिषद हेच कार्य करीत आली आहे. आपली नातवंडे इंग्रजी किंवा गुजराती शाळेत शिकतात, म्हणून मराठीतून विज्ञान सांगणे व्यर्थ, असे मानू नये. मराठी त्यांच्यासाठी नव्हे, तर त्यांच्या आजीसाठी हवी. म्हणजे आजी बाजूला बसून राहणार नाही.

तिसरी गोष्ट सातत्याची. एक भव्य प्रदर्शन भरवून त्याची छायाचित्रे स्मरणिकेत छापणे सोपे आहे. दर महिन्याच्या एका शनिवारी, तीच माणसे, त्याच जागी, दहा वर्षे भेटणे अवघड आहे.

आणि आता तो फरक, जो मी आरंभी लक्षात ठेवण्यास सांगितला होता. आपल्या वाचनालयाची सभासदयादी मी चाळली. तीत जुन्या शहरातील घराण्यांची नावे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, हे भूषण आहे. परंतु शहराच्या कडेच्या वसाहतींत रोजगारासाठी आलेली जी मराठी कुटुंबे आहेत, कारखान्यांत यंत्रांवर काम करणारी, गवंडीकाम करणारी, घरोघर स्वयंपाक करणारी, त्यांतील नाव मला एकही आढळले नाही. त्यांची मराठी आपल्यासारखी नाही, म्हणून ती आपल्या पायरीशी बुजतात. अमेरिकेतील लॅटिनो मुलांची गोष्ट ऐकून आपण हळहळतो. पण आपल्याच भाषेतील लॅटिनो आपल्याच गावात आहेत आणि आपण त्यांना कधी बोलाविले नाही. हे बोल लावण्यासाठी म्हणत नाही. मीही चाळीस वर्षांचा सभासद आहे. दोष असेल तर त्यात माझाही वाटा आहे.

म्हणून माझी नम्र सूचना अशी. बालविभागाची खोली शनिवारी संध्याकाळी रिकामी असते. ती महिन्यातून एकदा ‘विज्ञानाची संध्याकाळ’ म्हणून उघडावी. आपल्या सभासदांत निवृत्त अभियंते, डॉक्टर, प्राध्यापक पुष्कळ आहेत. त्यांनी आळीपाळीने यावे. बिघडलेला पंखा, सायकलचा डायनॅमो, स्वयंपाकघरातील हळद आणि चुना एवढ्यावर वर्षभराचे प्रयोग होतील. मुलांबरोबर पालकांनी येणे आवश्यक धरावे. यंत्रावर काम करणाऱ्या बापाला पाहुणा म्हणून नव्हे, शिकविणारा म्हणून बोलवावे. आणि पहिले निमंत्रण छापून न पाठविता, आपण दोघा-दोघांनी त्या वसाहतींत घरोघर जाऊन तोंडी द्यावे. स्टॉकटनच्या त्या शिक्षिकेने तेवढेच केले होते.

शताब्दीनिमित्त आश्रयदात्यांनी दिलेल्या देणग्यांतून इमारतीची डागडुजी होईल, ग्रंथसंपदा वाढेल, याचा मला आनंद आहे. या कामाला मात्र फारसा पैसा लागणार नाही. शनिवारची संध्याकाळ लागेल. पहिल्या चार शनिवारांसाठी मी माझे नाव ग्रंथपालांकडे लिहून दिले आहे. कागद त्यांच्या मेजावर आहे, आणि त्यावर पुष्कळ जागा मोकळी आहे.